तळव्याखालचा हात

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ११ फेब्रुवारी २०२५

चि. धनलक्ष्मी हिस अव्वाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? पेशंटला उठवताना भरलेली चमक गेली, का अजून कमरेला पट्टा बांधून हॉस्पिटलात जातेस? खोलीतल्या उत्कर्षाचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, तव्यावर ओवा गरम कर, फडक्यात बांध आणि हुंगत बस. घरमालकीण राजाबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि फोडणीच्या धुरापासून थोडं लांब राहा म्हणावं.

इकडे तुझ्या भावाला, बसूला पित्ताचा त्रास आहे, ज्वारीच्या दुकानात बसून चहावर चहा ढोसतो, दुसरं काय होणार. तुझ्या वहिनीची, रुपालीची टाच दुखते. तुझ्या अप्पांचं बीपी ठीक आहे. काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. लकव्यानं गेलेला डावा हात आहे तसाच आहे. मी बरी आहे.

फोन असताना तुझी आई पत्र का लिहिते, असं उत्कर्षा विचारते म्हणालीस. तिला सांग, फोनवर बोलायला लागलं की सगळं घर ऐकतं. भावाच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवून शिकलेली बाई मी, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कागद कुणाला चुगली करत नाही हे मला लवकर कळलं.

तुझं पाकीट मिळालं. दोन्ही ठिकाणचे छापील कागद बघितले. इंग्रजी मला लागत नाही, म्हणून शिवानीला विचारलं. शिवानी म्हणजे अप्पांचा हात बघायला येते ती, तुझ्याच कामाची, पेशंटला रोजची कामं परत शिकवणारी, ऑक्युपेशनल थेरपीवाली. तिनं सांगितलं ते मला असं कळलं, चुकलं असेल तर लिही. दोन्ही शिकून माणूस नावापुढं डॉक्टर लावतो. एक अमेरिकेतल्या विद्यापीठाचं, घरी बसून कॉम्प्युटरवर करायचं. पेशंटबरोबर आपण करतो तेच काम आणखी खोलात शिकायचं. दुसरं मंगळूरच्या बाजूचं. तिथं जाऊन राहायचं, गाईडच्या हाताखाली, आणि एकच प्रश्न धरून काही वर्षं बसायचं.

मी म्हटलं, "एकच प्रश्न, एवढी वर्षं?"

शिवानी म्हणाली, "काकू, लग्नात काय करतो आपण?"

मला हसू आलं. आतून अप्पांनी विचारलं, "दोन्हीत सुई टोचायला शिकवत्यात का?" शिवानी नाही म्हणाली. "मग कसली डॉक्टर," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. तुझा विषय निघाला हे त्यांना कळलं होतं. तुझं नाव ते अजून घेत नाहीत.

तुझा मंगळूरचा प्रश्न शिवानीनं मराठीत करून सांगितला. घरातली माणसं मायेनं पेशंटचं सगळं करतात, त्यानं त्याचा हात मागं राहतो का, आणि घरच्यांना बाजूला व्हायला कसं शिकवायचं. ऐकून मला थोडं लागलं. असू दे.

शेवटी तू लिहिलंस, "अव्वा, घरी माझी गरज असेल तर मी अमेरिकेचं घेते आणि सोलापूरला येऊन राहते. नसेल तर मंगळूर. तू सांगशील तसं. एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत दोन्हीकडं कळवायचंय." बाई गं, एवढं मोठं टोपलं तू माझ्या डोक्यावर ठेवलंस. जरा उतरवून बघू दे. पुढच्या पत्रात सांगते.

तुझी,
अव्वा

सोलापूर, १ मार्च २०२५

चि. धनलक्ष्मी हिस आशीर्वाद.

शिवरात्र झाली. उपास केला, साबुदाण्यानं छातीत जळजळलं. बाकी ठीक.

उत्तराला उशीर झाला. रोज कागद काढत होते आणि परत ठेवत होते. तू रागावली असशील असं वाटतं, पण तू रागावलीस की जास्त गोड लिहितेस, आणि तुझं मधलं कार्ड लई गोड होतं.

संक्रांतीला तू यात्रेसाठी आलीस आणि जेवायच्या आत निघून गेलीस, त्यानंतर घरात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. म्हणून आधी ते.

तू त्या सकाळी वाईट मनानं काही केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. अप्पांना लकवा मारल्यापासून रोज पूजेला मी त्यांच्या डाव्या तळव्याखाली माझा हात धरते, वर त्यांचं गळ्यातलं इष्टलिंग, आणि ते उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल वाहतात. तू बघत उभी होतीस. म्हणालीस, "अव्वा, हात काढ. त्यांचं त्यांना धरू दे." मी काढला. मीच काढला, तू ओढला नाहीस. आणि लिंग घरंगळून फरशीवर गेलं.

तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. मुंजीच्या वयात गळ्यात बांधलेलं ते लिंग, त्यांनी आजवर जमिनीला लागू दिलं नव्हतं. अप्पा तुला बोलले ते बोलले. तू गेल्यावर दिवसभर पाणी प्यायले नाहीत. शेंगापोळ्या तशाच डब्यात राहिल्या. संध्याकाळी मठातले स्वामी आले, त्यांनी लिंग उजेडात धरून सगळीकडून बघितलं, अभिषेक केला, पुन्हा गळ्यात घातलं. म्हणाले, "सिद्धलिंगप्पा, ह्याला काही झालं नाही. आता हाताकडं बघा." अप्पा म्हणाले, "हात मेलाय स्वामी."

तेव्हापासून मी हात असा घट्ट धरते की दोघांनाही घाम येतो.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी बसूपुढं बोलले. बोलायला नको होतं, पण कुणाशी बोलू. तो म्हणाला, "त्यात इचार कसला? घरी बसून डिग्री मिळतीय, हितं बाप पडलाय. येऊ दे की."

मी म्हटलं, सकाळी अंघोळ घालायला एक माणूस लावला तर?

"लोकं तोंडात शेण घालतील अव्वा. घरात मुलगी ह्याच कामाची शिकलेली, आन् बापाला बाहेरचा माणूस धुतोय."

रुपाली भाकरी थापता थापता म्हणाली, "मुलगा पण हाय की घरात." तेवढ्यावर त्यांचं दोन दिवस बोलणं बंद. घरात माझ्यासाठी भांडणारं कुणीतरी आहे म्हणून मला बरं वाटलं, आणि भांडण झालं म्हणून वाईटही वाटलं.

धना, मी आता लांबड लावत नाही. पहाटे उठते, त्यांना उठवते, तोंड धुवून देते, मोरीत नेते, अंग पुसते, धोतर नेसवते, पूजेला बसवते, घास भरवते, औषध देते, की दुपार. दुपारी पाठ टेकली की हाक येते. मनगट सुजलंय, त्याला एरंडाचं पान बांधते. त्यांचा राग येतो. आजारी माणसाचा राग आल्याबद्दल मग माझा मला राग येतो. परवा घास भरवताना त्यांनी तोंड फिरवलं आणि मी ताट तिथंच ठेवून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. काही कारण नव्हतं. नुसती उभी राहिले.

तू विचारलंस गरज आहे का. आहे. ये.

अमेरिकेचं काही वाईट नाही. शिवानी म्हणाली, तीही चांगली पदवी आहे, मान आहे तिला. माडीवरच्या खोलीत उजेड चांगला येतो, इंटरनेट बसू घालून देईल. अप्पांचं मी बघून घेईन, तू समोर वावरायला लागलीस की किती दिवस भिंतीकडं तोंड करतील?

उत्तर पाठव.

अव्वा

सोलापूर, १६ मार्च २०२५

चि. धनलक्ष्मी,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. "ठीक आहे अव्वा. दहा तारखेला अमेरिकेला होकार कळवते. एप्रिलअखेर खोली सोडून येते. येताना काय आणू?"

वाचून मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा झोपले. दुपारची, पंख्याखाली, तोंड उघडं टाकून. रुपालीनं उठवलं नाही. माडीवरची खोली झाडून घेतली, गाद्या उन्हात टाकल्या. ऊन आतापासूनच डोकं फोडतंय.

काही आणू नकोस.

एक विचारते. तुझ्या पत्रात तू अप्पांच्या हाताचं काही विचारलं नाहीस. एरवी बोटं किती उघडतात, अंगठा येतो का, सतरा प्रश्न असतात आणि मला उत्तरं देता देता नाकी नऊ येतात. ह्या वेळी नुसतं येते म्हणालीस. मंगळूरच्या त्या गाईडबाईंना तू कसं कळवणार, ते पण लिहिलं नाहीस. त्यांनी तुला दोनदा फोन करून बोलावलं होतं ना.

मला जरा कणकण आहे. हवा बदलतेय. काळजी करू नकोस.

अव्वा

सोलापूर, २ एप्रिल २०२५

चि. धनलक्ष्मी हिस अव्वाचे आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, दहा तारखेच्या आत तुझ्या हातात पडायला पाहिजे. फोन केला असता, पण फोनवर "येऊ नको" एवढेच शब्द गेले असते आणि तू ते घेऊन रडत बसली असतीस. तेव्हा सगळं वाच, मग रडायचं तर रड.

ती कणकण नव्हती, चांगला ताप होता. ते पत्र टाकल्यावर आठवडाभर मी आडवी होते. रुपालीनं मला माडीवर तुझ्यासाठी झाडलेल्या खोलीत नेऊन टाकलं आणि खाली येऊ दिलं नाही. म्हणाली, "अत्ती, तुम्ही खाली आलात तर मी माहेरी जाते." म्हणजे सकाळचं सगळं बसूवर आलं. तुला तुझा भाऊ ठाऊक आहे. पोतं उचलावं तसं बापाला उचलतो. पहिल्या दिवशी वर मला नुसता आरडाओरडा ऐकू आला.

"अप्पा, जरा नीट बसा की."

"तू नीट बसव की. ज्वारीचं पोतं हाय व्हय मी?"

"पोतं बरं. पोतं बोलत न्हाय."

मग दोघंही हसले. मी पडल्या पडल्या कान टवकारले. लकवा मारल्यापासून अप्पांचं हसू ह्या घरात ऐकलं नव्हतं. माझ्याबरोबर ते हसत नाहीत, मीही त्यांच्याबरोबर हसत नाही. आम्ही दोघं नुसती औषधं घेतो.

पूजेचं काय करतात ते मला कळेना. बसूला विचारलं तर म्हणाला, "होतीय की पूजा." तू हात धरतोस का म्हटलं, तर म्हणाला, "मला कुटं टाइम हाय? दुकान उघडायचं असतंय." दुसऱ्या दिवशी ताप अंगात असताना भिंतीला धरून जिना उतरले आणि दाराच्या फटीतून बघितलं.

दुकानातला जुना गल्ला आठवतो ना, सागवानी, बुटका, नवं काउंटर केलं तेव्हा जिन्याखाली टाकलेला. अप्पांनी तो बसूला बाहेर काढायला लावला होता. त्याच्यापुढं बैठक मारून बसले होते, पाठीला लोड, डावं कोपर गल्ल्यावर रोवलेलं. आणि तळवा असा, वाटीसारखा. धना, मी तो हात लग्न होऊन आले तेव्हापासून बघितलाय. शेतकरी मालाची वानगी घेऊन आला की मूठभर ज्वारी ह्याच हातावर, कोपर ह्याच जागी, आणि उजव्या बोटानं दाणा परतून बघायचा. मालदांडी कुठली, हलका माल कुठला, ते त्या तळव्यावर ठरायचं. हात मेलाय म्हणत होते ना. गल्ल्यावर टेकल्यावर त्याला आपलं काम आठवलं असेल.

लिंग तळव्यावर होतं. हात थरथरत होता, बेलाचं पान हलत होतं. खाली कुणाचाही हात नव्हता. मांडीवर चादर दुमडून घेतली होती, घरंगळलं तर जमिनीला लागू नये म्हणून. तीही त्यांचीच युक्ती. पाणी वाहिलं, थोडं सांडलं, विभूती लावली, डोळे मिटले. मी तिथंच पायरीवर बसले. आनंद झाला म्हणावं तर तसा नाही. मला वाटलं, मग मी एवढे महिने कुणाचा हात धरून बसले होते?

शिवानीला सांगितलं तर ती धावत गल्ला बघायला गेली. म्हणाली, "काकू, मी त्यांना प्लास्टिकचे पेले उचलायला लावत होते." मी म्हटलं, तुझे पेले उचलून उचलूनच कोपराला एवढं बळ आलं असेल, मनाला लावून घेऊ नको. तीही लेकरूच आहे.

बरी होऊन खाली आले. पहिल्याच सकाळी ते गल्ल्यापुढं बसले, हात थरथरायला लागला, आणि माझा हात आपोआप खाली गेला. मी ठरवून केलं नाही. शिंक आली की हात तोंडापुढं जातो तसा गेला. आणि लगेच, त्याच क्षणाला, त्यांचा तळवा माझ्या हातावर पडला. सगळं वजन टाकून. जे एकट्यानं उभं राहत होतं ते माझ्यापुढं आडवं झालं.

मी हात काढून घेतला आणि मागच्या दारी गेले. रोज आता तसंच करते. पूजेच्या वेळी मागच्या दारी तुळशीपाशी जाऊन बसते. आत काही पडलं तर काय, म्हणून जीव टांगणीला असतो. पण बसते. घास मात्र अजून भरवते. ते सुटत नाही माझ्यानं. शिवानी रोज ओरडते.

आता तुझं. तू इथं येऊन राहिलीस तर काय होईल ते मला दिसलं. तू म्हणशील मी शिकलेली आहे, मी नाही हात धरणार. धना, तूही धरशील. पहिले पंधरा दिवस नाही धरणार. मग एक दिवस ते दमलेले असतील, तुला कॉम्प्युटरवर बसायची घाई असेल, लोक बघायला आले असतील, आणि तुझा हात जाईल खाली. माझा एक होता, मग तुझा होईल. एका तळव्याखाली आपण दोघी. घरात राहणाऱ्याला ते दिसत नाही. मला तापानं माडीवर टाकलं तेव्हा दिसलं.

आणि तू पाठीचा पट्टा बांधून दिवसभर बाप उचलशील, मग अमेरिकेचा अभ्यास करशील, आणि मग तूही कधीतरी मागच्या दारी जाऊन उभी राहशील. तुझ्या त्या चार ओळी मी पुन्हा वाचल्या. त्या ओळी तुझ्या नाहीत, माझ्या वाटतात. दमलेल्या बाईच्या.

तेव्हा मंगळूरला जा. अमेरिकेची पदवी कमी म्हणून नाही. तू मला प्रश्न दाखवलास तो मंगळूरचा होता, अमेरिकेच्या कागदावर तू नुसती फीची आणि तारखांची खूण केली होतीस. घरच्यांनी बाजूला कसं व्हायचं, हे कुणीतरी नीट बसून शोधून काढायला पाहिजे. मला ते कुणी सांगितलं नाही. तू सांगितलंस, पण एका वाक्यात, सणाच्या सकाळी, आणि मला ते पेललं नाही. हात नुसता काढायचा नसतो, त्याआधी गल्ला ठेवायचा असतो. हे तुझ्या गाईडबाईंना सांग, त्यांना उपयोगी पडलं तर.

माझं मी काढते. मी दमलेय हे खरं आहे, पहिल्या पत्रात बरी आहे म्हटलं ते खरं नव्हतं. पण ते दमणं कुणी एकजण येऊन घेऊन जाईल असं नाही. सकाळची अंघोळ बसूकडं कायमची दिली. कुरकुरला. मी म्हटलं, "लोक काय म्हणतात ते तू ऐक, मला आताशा कमी ऐकू येतं." अंग पुसायला, पाय चोळायला एक माणूस सोमवारपासून येणार आहे. दुपारी मी माडीवर झोपते. झोप लागतेच असं नाही, पण दार लावून पडते.

हे सगळं ठरल्यावर काल मी अप्पांना सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं, की धनलक्ष्मी इथं येत नाही, मंगळूरकडं शिकायला जातेय. ते म्हणाले, "तितले पेशंट मराठी बोलत्यात व्हय?"

मी म्हटलं, तिथं कन्नड, तुळू, असंच काहीतरी.

"मग हिचं कसं व्हायचं? हिची कन्नड म्हंजे बसस्टँडावरची. गाडी कधी येनार, 'गाडी यावाग बरतद', एवढंच येतंय तिला. म्हातारी माणसं हात देतील व्हय तिच्या हातात?"

"शिकेल की."

"कोन शिकवनार?" मग भिंतीकडं बघत म्हणाले, "पूजा झाली की मी मोकळाच असतो. फोन लाव म्हन तिला. रोज. मी कन्नडच बोलनार, मराठी बोलली की ठेवनार." आणि थोड्या वेळानं, "त्या दिवसाचं काढायचं न्हाय. तिनं बी न्हाय, मी बी न्हाय."

त्यांची जीभ अजून जड आहे, काही शब्द तोंडातच राहतात. समजलं नाही तर समजल्यासारखं करू नकोस, पुन्हा विचार. पुन्हा विचारलं की ते पुन्हा नीट म्हणतात, शिवानीचं म्हणणं हेच त्यांच्या जिभेला हवंय. फोन ते डाव्या हातात धरतो म्हणतात. पडला तर पडला. तू घाबरू नकोस, आणि मी मागच्या दारी असेन.

उत्कर्षाला नवी सोबतीण शोधावी लागेल, तिला माझ्याकडून आधीच माफी मागून ठेव. राजाबाईंचे डोळे सांभाळायला सांग. गाईडबाईंना उद्याच कळव.

फोन त्यांच्यासाठी. मला मात्र कागदावर लिही, आणि चार ओळी नकोत, तुझे सतरा प्रश्न घालून लिही. पोस्टमन दुपारी येतो, मी दार लावून पडलेली असते, पण तुझं पत्र आलं तर उठव असं रुपालीला सांगून ठेवलंय. लवकर लिही.

तुझी,
अव्वा